बहिणीचा हिस्सा आणि कचेरीतली सही

कज्जा हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो अरबी असल्याचे कुणाच्या ध्यानातही येत नाही. काझी आणि कज्जा ही एकाच धातूची लेकरे. वकील, वारस, हिस्सा, अर्ज, दाखला, दस्तऐवज, फारखती हे सारे शब्द त्याच वाटेने मराठीत आले आणि कायमचे राहिले. वतनाची वाटणी झाली की जुने मराठी कागद तिला ‘तक्षीम’ म्हणतात, तीही तिकडचीच. म्हणजे हक्काची आणि भांडणाची जवळजवळ सगळी भाषा आपल्या घरातली. पण त्या भाषेत लिहिलेल्या कागदांत आपल्या लेकीबाळींची नावे शोधू लागलो, तर पाने उलटत बसावे लागते. भाऊ सापडतात, चुलते सापडतात, दत्तकही सापडतात. बहीण क्वचित.

निजामशाही-आदिलशाहीच्या अमलात परगण्याच्या मजलसीत देशमुख-देशपांड्यांच्या बरोबरीने काझी बसत असे. निवाड्याचा महजर होई, त्यावर त्याचा शिक्का पडे. पुढे मराठेशाहीतही काझीची वतने चालू राहिली. निकाह लावणे, कागदाला साक्ष राहणे ही कामे तो करीत असे. वारसाचा तंटा आला तर शरीयतीचा हिशेब त्याला पाठ असायचा. परंतु वतन हे मुळात चाकरीशी बांधलेले, आणि चाकरी पुरुषाची. काझीचे स्वतःचे वतनसुद्धा मुलांतच वाटले जाई! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

इंग्रज आले तेव्हा त्यांच्यापुढे पहिला प्रश्न हाच होता की या लोकांना कायदा कोणता लावायचा. बंगालमध्ये वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये सरळ नियम केला : वारसा, लग्न आणि धर्माचे रिवाज यांत मुसलमानांना कुराणाचा कायदा आणि हिंदूंना शास्त्राचा. मुंबई इलाख्यात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८२७ मध्ये जी नियमावली केली, तिच्यातल्या चौथ्या रेग्युलेशनचे २६ वे कलम मात्र वेगळे बोलते. आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे. ते नसतील तर ज्या मुलखात दावा उभा राहिला तिथली वहिवाट. तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि तोही नसेल तर न्याय, समता व सदसद्विवेक. म्हणजे आपल्या इलाख्यात रूढी पुढे बसली आणि धर्मग्रंथ तिच्या मागे. एल्फिन्स्टनचा हेतू वाईट नव्हता. लोक ज्या रीतीने जगतात ती मोडू नये एवढाच त्याचा विचार. पण रीत कोणाच्या सोयीची असते, हे विचारायला त्याच्या कचेरीत बाई कुठे होती?

ती वीस वर्षांनी आली. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा समाजातील मुलींनी आपल्या मयत बापाच्या मालमत्तेत कुराणाप्रमाणे हिस्सा मागितला. त्याच वेळी मेमन समाजातल्या मुलीचाही तसाच दावा होता. ‘हिरबाई विरुद्ध सोनबाई’ आणि ‘रहिमतबाई विरुद्ध हाजी जुसब’ या नावांनी हे खटले कायद्याच्या पुस्तकांत बसले आहेत. ‘खोजा-मेमन खटला’ म्हणून विद्यार्थी आजही ते वाचतात. त्या काळात, त्या शहरात, पडद्यातल्या मुसलमान मुली भाऊबंदांच्या विरोधात सर्वात वरच्या न्यायालयाची पायरी चढल्या, ही गोष्ट आपण कधी अभिमानाने सांगितली आहे का? आपल्या इतिहासात सुलतान, सूफी आणि शायर यांना जागा आहे. या मुलींना नाही.

मुलींचे म्हणणे साधे होते. आम्ही मुसलमान, सूरह निसामध्ये मुलीचा वाटा लिहिलेला आहे, तो आम्हाला द्या. समोरच्यांचे म्हणणे असे की आमच्या जमातीत पिढ्यान्‌पिढ्या मुलींना वाटा देत नाहीत. लग्न होईपर्यंत पोटगी आणि लग्नाचा खर्च, एवढाच त्यांचा हक्क. न्यायाधीश होते सर एर्स्किन पेरी. (हेच ते पेरी, ज्यांनी मुंबईच्या शिक्षण मंडळाच्या अध्यक्षपदावरून मराठीऐवजी इंग्रजीतून शिक्षण देण्याचा आग्रह धरला होता. मराठी वाचकाशी त्यांचा संबंध दोन बाजूंनी आहे.) पेरींनी निकाल दिला तो रूढीच्या बाजूने. सनदेने मुसलमानांचा कायदा राखला तो कुराणाला मान देण्यासाठी नव्हे, तर लोकांच्या चालत आलेल्या वहिवाटी राखण्यासाठी; तेव्हा ज्या जमातीची वहिवाट कुराणाहून वेगळी, तिला तिची वहिवाट लागू, असे त्यांचे तर्कशास्त्र. मुली हरल्या.

या निकालाकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते. ग्रंथापेक्षा जगण्याला महत्त्व देणारा म्हणून आधुनिक विद्वान त्याचे कौतुकही करतात. मला ते पटत नाही. जगणे म्हणजे कोणाचे जगणे? वहिवाट सिद्ध करायला कोर्टात साक्षीला कोण येते? जमातीचे शेठ आणि बुजुर्ग. ज्यांच्याकडे मिळकत आहे तेच सांगणार की मिळकत मुलीला न देण्याची रीत आहे. रूढीचा पुरावा हा नेहमी रूढीचा फायदा घेणाऱ्यांच्या तोंडून येतो, हे पेरींच्या हुशारीला दिसायला हवे होते.

त्यानंतरची नव्वद वर्षे हा निकाल टिकला. १८६२ मध्ये सुप्रीम कोर्ट जाऊन हायकोर्ट आले, तरी कच्छी मेमन, खोजे, गुजरातेतले सुन्नी बोहरे, भडोचकडचे मोलेसलाम गिरासिये यांच्या वारशाचे दावे हिंदू कायद्याच्या चालीने सुटत राहिले. इथे एक खुलासा. कोकणी मुसलमान किंवा देशावरचे शेख-पठाण यांना ही वहिवाट लागू नव्हती. त्यांच्यासाठी न्यायालय मुस्लिम कायदाच गृहीत धरी आणि रूढी सांगणाऱ्यावर ती सिद्ध करण्याचे ओझे असे. म्हणजे कागदावर रत्नागिरीच्या बहिणीची स्थिती मुंबईच्या मेमन बहिणीपेक्षा चांगली होती. कागदावर.

मध्यंतरी काझीही गेला. १८६४ च्या कायद्याने न्यायालयातले पंडित आणि मौलवी, म्हणजे ‘लॉ ऑफिसर’, बंद झाले आणि सरकारने काझी नेमणेही थांबले. लोकांची ओरड झाली तेव्हा १८८० मध्ये काझींचा कायदा आला. त्याने काझी परत दिला, पण चौथ्या कलमात स्पष्ट लिहून ठेवले की या नेमणुकीने त्याला न्यायदानाचा किंवा कारभाराचा कोणताही अधिकार मिळत नाही. आजही गावोगाव पुष्कळांना वाटते की काझीसाहेबांनी कागदावर लिहून दिले म्हणजे वाटणी पक्की. १८८० पासून ती पक्की नाही. निकाहनामा त्यांच्या दप्तरात असतो, वारसाचा हुकूम नसतो.

आता जरा क्रम पाहा. मुसलमानांच्या मिळकतीसाठी केंद्रीय कायदेमंडळात पहिला मोठा लढा झाला तो वक्फ-अल-औलादसाठी. १८९४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने अबुल फता यांच्या खटल्यात ठरवले की मुख्यतः स्वतःच्या वंशजांच्या फायद्यासाठी केलेला वक्फ बेकायदा. सबंध देशातील घरंदाज मुसलमान हादरले. मुंबईच्या मुसलमानांचे प्रतिनिधी म्हणून बॅरिस्टर महमद अली जिना यांनी विधेयक आणले आणि १९१३ मध्ये कायदा होऊन कौटुंबिक वक्फ पुन्हा वैध ठरला. एकोणीस वर्षांत काम झाले. मुलींच्या हिश्शाला १८४७ पासून नव्वद वर्षे लागली. समाजाला घाई कशाची असते आणि कशाची नसते ते या दोन आकड्यांत दिसते.

कच्छी मेमनांपुरते पहिले पाऊल १९२० मध्ये पडले. त्या वर्षीच्या कायद्याने मेमन माणसाला मुभा दिली की त्याने अर्ज करून आपल्याला मुस्लिम कायदा लागू करून घ्यावा. मुभा बापाला होती, मुलीला नव्हे! १९३८ मध्ये ती मुभाही काढली आणि सर्व कच्छी मेमनांना मुस्लिम वारसा कायदा सक्तीने लागू झाला. पण त्याआधी एक वर्ष मुख्य गोष्ट घडून गेली होती.

७ ऑक्टोबर १९३७. शरीयत कायदा. विधेयक पंजाबचे एच. एम. अब्दुल्ला यांनी मांडले. पंजाबात १८७२ च्या कायद्यापासून रूढीचेच राज्य होते आणि तिथल्या जमीनदार घरांत मुलीला शेतातले ढेकूळही मिळत नसे. विधेयकाच्या उद्देशपत्रात नमूद आहे की मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांनी रूढीच्या कायद्याचा निषेध केला आहे, कारण त्याने त्यांचे हक्क मारले जातात. उलेमांचा पाठिंबा होताच. स्त्रिया आणि उलेमा एका बाजूला, जमीनदार दुसऱ्या बाजूला, असे दृश्य आपल्या इतिहासात वारंवार दिसत नाही; म्हणून ते इथे नोंदवून ठेवतो. पुढच्या काळात ‘शरीयत बचाव’ या घोषणेचा आणि स्त्रियांच्या मागण्यांचा जो सामना झाला, तो पाहून वाढलेल्या आपल्या पिढ्यांना हे सांगावे लागते की शरीयत कायदा आला तेव्हा त्याची एक प्रमुख लाभार्थी बाई होती.

दुसरे कलम या कायद्याचा प्राण. विनामृत्युपत्र वारसा, स्त्रियांची मिळकत, निकाह, तलाक, पोटगी, महर, पालकत्व, हिबा, वक्फ या बाबतींत दोन्ही पक्ष मुसलमान असतील तर कोणतीही रूढी न पाहता शरीयत लागेल. मात्र सुरुवातीलाच दोन-तीन शब्दांची एक पाचर आहे : शेतजमिनीचे प्रश्न वगळून.

हे कसे घुसले? कायदेशीर कारण असे की १९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया अॅक्टने शेतजमिनीचा वारसा प्रांतांकडे दिला होता. दिल्लीच्या कायदेमंडळाला त्यात हात घालता येत नव्हता. त्याच १९३७ सालात मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नाने हिंदू विधवांना मिळकतीत हक्क देणारा कायदा झाला. त्यालाही हीच ठेच लागली. १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने सांगितले की तो शेतजमिनीला लागत नाही. तेव्हा दोन्ही धर्मांच्या बायका एकाच बांधावर अडल्या. पण कारण नुसते कायदेशीर होते असे मानणे भोळेपणाचे ठरेल. जमीनदारांचे मन राखणे हेही होतेच. जिनांनी दुरुस्ती सुचवून दत्तक, मृत्युपत्र आणि त्यातील देणग्या हे विषय सक्तीतून काढले आणि तिसऱ्या कलमात ऐच्छिक ठेवले, तेही अशाच मिळकतदारांची समजूत पटवण्यासाठी.

आणि आता खरी मेख. १९५० मध्ये संविधान आले. त्यातल्या समवर्ती सूचीच्या पाचव्या नोंदीत वारसा हा विषय आहे आणि तिथे शेतजमिनीचा अपवाद उरलेला नाही. म्हणजे १९३५ ची अडचण संपली, तरी १९३७ चे शब्द राहिले. मद्रासने १९४९ मध्येच आपल्यापुरती दुरुस्ती करून शेतजमीनही शरीयतीखाली आणली होती. केरळने १९६३ मध्ये तेच केले. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने मूळ कायद्याबाहेर होता. १९५९ च्या केंद्रीय कायद्याने शरीयत कायदा तिथवर पोचला, पण त्याच पाचरीसकट. महाराष्ट्राने दुरुस्ती केलेली नाही. इथली न्यायालये शेतजमिनीलाही मुस्लिम वारसा लावत आली आहेत हे खरे. परंतु ते १९३७ च्या जोरावर नव्हे, तर जुन्या नियमाच्या जोरावर. आणि त्या नियमात रूढी सिद्ध करण्याची फट उघडी आहे. जो समाज मोठ्या प्रमाणावर खेड्यात आणि शेतीवर राहिला, त्याच्या बहिणींसाठी ही फट लहान नव्हे. शरीयतीत सरकारने हात घालू नये म्हणून आपण किती सभा घेतल्या! शरीयत शेताच्या बांधापर्यंत न्या, अशी मागणी करणारी सभा मी पाहिलेली नाही.

हिस्सा किती, हे एकदा आकड्यात मांडू, कारण गोंधळ पुष्कळ असतो. माणूस वारला, मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. आईबाप आधीच गेलेले. सर्वात आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग मृत्युपत्र असेल तर एक-तृतीयांशाच्या मर्यादेत त्याची अंमलबजावणी. उरेल तो मतरुका. त्याचे चाळीस भाग करा. बायकोचा आठवा हिस्सा म्हणजे ५. उरलेल्या ३५ मध्ये मुलाला मुलीच्या दुप्पट : प्रत्येक मुलाला १४, मुलीला ७. मूलबाळ नसते तर बायकोला चौथा हिस्सा मिळाला असता. हा हक्क बापाचा श्वास थांबला त्या क्षणी लागतो. तो कुणी ‘द्यायचा’ नसतो, तो पडलेलाच असतो. आणि बाप जिवंत असेतोवर कुणाचाच नसतो, मुलाचाही नाही. जन्मतः हक्क, वडिलोपार्जित, एकत्र कुटुंब या कल्पना मुस्लिम कायद्यात नाहीत. वकिलांच्या छापील दाव्यात मात्र त्या सर्रास घुसतात, आणि मग निम्मा वेळ ते निस्तरण्यात जातो.

मुलीला निम्माच का, हा प्रश्न आजची शिकलेली मुलगी विचारते आणि विचारणारच. त्याची चर्चा स्वतंत्र लेखाची आहे. इथे एवढेच म्हणतो की आपल्या खेड्यापाड्यांत वाद निम्म्याचा नसून शून्याचा आहे.

कारण मधे हक्कसोडपत्र आहे. बाप गेल्यावर चाळिसाव्याच्या आगेमागे भाऊ तहसीलच्या गावी दस्तलेखकाकडून कागद करून आणतो. ‘आपा, इधर सही करना, अंगूठा बी चलता.’ आपा विचारत नाही काय लिहिले आहे. तिला माहीत असते काय लिहिले आहे. सासरी काही झाले तर परत यायला एक दार हवे, ईदीला कुणी बोलवायला हवे, मुलीच्या लग्नात मामा हवा. या सगळ्याची किंमत म्हणून ती ७ भाग देऊन टाकते. याला ‘खुशीने सोडले’ म्हणतात. खुशीने सोडणाऱ्याही असतात, नाही कशाला म्हणा. पण भावाने बहिणीसाठी खुशीने १४ भाग सोडल्याचा कागद कुठल्या दुय्यम निबंधकाने नोंदवला असेल, तर तो पाहायला मी पदरचे भाडे खर्चून जाईन. आणि हे आपल्याच घरात होते असे नाही. हिंदू बहिणीला १९५६ ने वारसा दिला, २००५ ने जन्मतः हक्क दिला, तीही त्याच निबंधकाच्या कचेरीत त्याच बाकावर बसलेली असते.

कायदा या कागदाकडे कसा पाहतो? बापाच्या हयातीत लिहून घेतलेले हक्कसोडपत्र मुळात पोकळ, कारण जे अजून मिळालेच नाही ते सोडणार काय? १८८२ च्या मिळकत हस्तांतरण कायद्याचे सहावे कलमही हेच सांगते. मात्र १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक अपवाद स्पष्ट केला : वारसाने त्या बदल्यात मोबदला घेऊन हक्क सोडला असेल आणि बाप त्या भरवशावर वागला असेल, तर नंतर त्या वारसाला उलटता येत नाही. ‘लग्नात दिले ना सगळे!’ हे भावाचे वाक्य पुष्कळदा या अपवादाचा आधार घ्यायला बघते. पण लग्नाचा खर्च आणि हिश्शाचा मोबदला या दोन गोष्टी एक नव्हेत. बापाच्या मृत्यूनंतर, समजून-उमजून, स्थावराबाबत नोंदणी करून दिलेले हक्कसोडपत्र मात्र टिकते. फसवणूक किंवा दडपण सिद्ध करणे तिच्यावर येते.

याहून सोपी वाट तलाठ्याच्या दप्तरातून जाते. वारस नोंदीच्या अर्जात बहिणींची नावेच लिहायची नाहीत. फेरफार मंजूर, सातबारा भावांच्या नावे. दहा-पंधरा वर्षांनी बहिणीच्या मुलाने उतारा काढला की घरात रडारड. इथे लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की सातबारा हा महसुलाचा कागद आहे. १९६६ च्या महसूल संहितेप्रमाणे त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, पण तिने मालकी जन्मत नाही आणि मरतही नाही. सहहिस्सेदार भावाचा कबजा हा बहिणीच्या वतीनेही कबजाच समजतात. नुसती वर्षे गेली म्हणून तिचा हक्क बुडत नाही. भावाने उघडपणे ‘तुझा यात काही नाही’ असे ठणकावून तिला बाहेर काढले असेल, तर तिथून मात्र बारा वर्षांचे घड्याळ सुरू होते.

तिसरी वाट हिब्याची. मुसलमानाने केलेल्या हिब्याला नोंदणी लागत नाही. १८८२ च्या कायद्याचे १२९ वे कलम त्याला मोकळे ठेवते, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हिबा लेखी असला तरी नोंदणी नसल्यामुळे तो बाद होत नाही. देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने कबूल करणे आणि कबजा देणे, या तीन गोष्टी पुऱ्या पाहिजेत. मृत्युपत्राला एक-तृतीयांशाची वेस आहे, हिब्याला ती नाही. म्हणून आजारी बापाच्या उशाशी साध्या कागदावर हिबानामा लिहिला जातो. अशा कागदावर न्यायालयात बहुतेक वेळा कबजाच्या प्रश्नावर झुंज होते : बाप शेवटपर्यंत त्याच घरात राहत होता, भाडे तोच घेत होता, मग कबजा दिला कधी? मृत्यूच्या आजारात केलेला हिबा तर मृत्युपत्रासारखाच एक-तृतीयांशावर अडतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

दुकानाचा हिशेब याहून किचकट. आपल्यात छोटे धंदे फार : बेकरी, मटणाचे दुकान, गॅरेज, फर्निचर, अत्तर, भंगार. थोरला मुलगा पंधराव्या वर्षापासून बापाच्या दुकानात राबलेला. बाप गेल्यावर तो म्हणतो, दुकान मी उभे केले. बहीण म्हणते, फलक बापाच्या नावाचा आहे. दोघेही खरेच बोलत असतात. कायदा सांगतो की मुसलमान बाप-मुलगे एका चुलीवर जेवतात आणि एकत्र धंदा करतात म्हणून हिंदू पद्धतीचे एकत्र कुटुंब होत नाही. कच्छी मेमन वारशात हिंदू चाल पाळत होते त्या काळीही, १९२३ मध्ये, मुंबई हायकोर्टाने त्यांना एकत्र कुटुंबाचा नियम लावायला नकार दिला होता. मग बापाचा धंदा तो बापाचा. मुलाने स्वतः मिळवले ते मुलाचे. आणि भागीदारी होती असे म्हणायचे तर ती करारातून निघाली पाहिजे, रक्तातून नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे, उलट काही ठरलेले नसेल तर, भागीदार मेला की भागीदारी मोडते आणि हिशेब करावा लागतो. एका पानाचा भागीदारी करार बापाच्या हयातीत केला असता तर मुलाचे कष्टही राहिले असते आणि बहिणीचा हिस्साही मोजता आला असता. पण बापाकडे करार मागणे म्हणजे बेअदबी! मग बाप गेल्यावर भावंडे एकमेकांचे तोंड पाहीनाशी होतात.

या सगळ्यात विधवेचा एक हक्क विसरला जातो. महर हे कर्ज आहे. वाटणीच्या आधी ते फेडायचे असते. प्रिव्ही कौन्सिलने १९१६ मध्ये हमीरा बीबीच्या खटल्यात हे ठामपणे मांडले. राजरोस, बळजबरी किंवा कपटाशिवाय, नवऱ्याच्या मिळकतीचा कबजा घेतलेल्या विधवेला महर फिटेपर्यंत तो कबजा राखता येतो. विकता मात्र येत नाही. आपल्याकडे मय्यत उचलण्यापूर्वी बायकोकडून महर माफ करून घेण्याची चाल आहे. कोसळलेल्या बाईला चार बायका धरून उभ्या असताना ती ‘माफ किया’ म्हणते. अशा वेळी उच्चारलेल्या शब्दाला न्यायालये मोकळ्या मनाची माफी मानायला बिचकत आली आहेत, आणि योग्यच आहे.

आणखी एक दुखरी जागा जाता जाता. बापाच्या आधी मुलगा वारला तर, दुसरा मुलगा हयात असताना, त्या मेलेल्या मुलाच्या पोरांना आजोबांच्या मतरुक्यात काही मिळत नाही. इजिप्तने १९४६ मध्ये ‘सक्तीच्या वसीयती’ची युक्ती काढून आणि पाकिस्तानने १९६१ च्या वटहुकमाने नातवांना वाटा दिला. आपल्याकडे उपाय एकच आणि तो आजोबांच्या हाती : जिवंतपणी एक-तृतीयांशाच्या आत वसीयत करून ठेवणे. ज्या आजोबांनी हे वेळेवर केले, त्यांच्या घरी नातवंडांना काकांच्या दारात उभे राहावे लागलेले नाही.

कोर्टात जायचे तर पैसा कुठला, ही बहिणीची पहिली अडचण. महाराष्ट्र सरकारने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने मिळकत, पोटगी, अत्याचार आणि घटस्फोट या दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली होती. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मागता येतो. तालुका न्यायालयाच्या आवारातच त्याची कचेरी असते. आणि नवरा जर बायकोची मिळकत विकत असेल किंवा तिच्या हक्काच्या आड येत असेल, तर १९३९ च्या कायद्यात तो छळ धरला आहे, ज्यावर तिला निकाह फस्ख करून मागता येतो. वाटणीचा दावा लांबतो, हे खरे. हुकूम झाल्यावरही शेतजमिनीची प्रत्यक्ष मोजणी आणि वाटप जिल्हाधिकाऱ्यांकडून होते, आणि १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो तो वेगळाच. तरी दावे होतात. बायका येतात, बहुधा मुलगा मोठा झाल्यावर त्याला बरोबर घेऊन येतात, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात भावाच्या नजरेला नजर देत नाहीत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेला असा एक खटला निकाली काढला. निपुत्रिक नवरा वारलेला, एका बाजूला विधवा, दुसऱ्या बाजूला दीर. विधवा तीन-चतुर्थांश मागत होती. दिराचे म्हणणे असे की भावाने हयातीतच एका जमिनीच्या विक्रीचा करार केला होता, म्हणून ती वाटणीत धरू नये. न्यायालयाने दोघांचेही पूर्ण ऐकले नाही. नुसत्या विक्रीच्या कराराने मालकी जात नाही, तेव्हा ती जमीन मतरुक्यातच. आणि मूल नसलेल्या विधवेचा हिस्सा चौथा, तेवढाच तिला. निकालात ‘मतरुका’ हा शब्द अर्थासकट समजावून दिला आहे. त्याच निकालाच्या शेवटी न्यायमूर्तींनी एक नाराजी नोंदवली : खालच्या न्यायालयाच्या निकालपत्राचे जे इंग्रजी भाषांतर त्यांच्यापुढे आले, ते नीट नव्हते, आणि कायद्याच्या कामात एकेका शब्दाला किंमत असते.